छान. परत काढ

चुरी सरांनी माझ्या कुठल्याही चित्राला कधी वाईट म्हटलं नाही. चष्मा कपाळावर ढकलायचे, कॉम्प्युटरच्या पडद्याला नाक लागेल इतके पुढे वाकायचे, बराच वेळ बघायचे आणि म्हणायचे, "छान. परत काढ."

पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला वाटलं, आपल्याच ऐकण्यात काहीतरी चुकलं. छान आहे तर परत कशाला? आणि परत काढायचंय तर छान कशाला? पुढे आधी त्यांची विद्यार्थिनी म्हणून, आणि मग त्याच कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवणारी म्हणून मी त्यांच्या हाताखाली काम केलं, पण त्या वाक्याचा मला येणारा राग काही जुना झाला नाही.

चित्रं असायची स्फटिकांची. मिठाचा खडा घेतला तर त्यात सोडियम आणि क्लोरीनचे कण ठरलेल्या जागी, ठरलेल्या अंतरावर रांगेने बसलेले असतात. कोण कुठं बसलंय हे आकड्यांत लिहिलेली फाइल मिळते, आणि ती उघडून दाखवणारं फुकट सॉफ्टवेअरही मिळतं. फाइल उघडली की पडद्यावर रंगीत गोळे येतात, त्यांना जोडणाऱ्या काड्या येतात, माऊसने धरून सगळं गरागरा फिरवता येतं. हवं तसं फिरवायचं, चित्र उचलायचं, प्रोजेक्टमध्ये नेऊन चिकटवायचं. दुसऱ्या कुठल्याही कॉलेजात हे काम चहा निवायच्या आत होत असेल. आमच्याकडे तलासरीत चुरी सर होते.

मी सायवनची. आईवडील थोडी भातशेती करतात, उरलेल्या दिवसांत मजुरीला जातात. आश्रमशाळेत मराठीतून शिकले आणि आमच्या घरातली पहिली पदवीधर झाले. हे मी सांगते तेव्हा आवाज खाली करत नाही. सरांचं घर मसोलीत, पक्कं, दारात गाडी. पण ती गाडी ते क्वचितच काढायचे. रोज शेअर रिक्षाने यायचे. डाव्या खिशात लाल पेन आणि लाल दोऱ्याला बांधलेला पेनड्राइव्ह. तो दोरा खिशाबाहेर लोंबत असायचा, आणि कुणी त्याकडे बघितलं की सर छातीवर हात ठेवायचे, जणू कुणी तो ओढून नेणार आहे.

विद्यार्थ्यांची नावं त्यांच्या लक्षात राहत नव्हती की ठेवायची नव्हती, कोण जाणे. ते गावाच्या नावाने हाक मारायचे. विवळवेढ्याला महालक्ष्मीचं देऊळ, म्हणून तिथल्या मुलाला 'महालक्ष्मी' म्हणायचे. मिशी फुटलेला, व्हॉलीबॉलच्या टीममधला तो मुलगा पदवी मिळेपर्यंत कॉलेजभर महालक्ष्मी म्हणूनच वावरला. मी सायवन. शिकवायला लागल्यावर एकदा मी त्यांना स्टाफरूममध्ये सगळ्यांसमोर सांगितलं की सर, आता मी मॅडम आहे. ते म्हणाले, बरोबर आहे तुझं. दुसऱ्या दिवसापासून मी 'सायवन मॅडम' झाले.

माझं पहिलं चित्र मिठाचं होतं. सरांनी ते पडद्यावर लावलं आणि मला विचारलं, "तू कुठं उभी आहेस?"

मी म्हटलं, "खिडकीजवळ, सर."

वर्ग हसला. सर हसले नाहीत. त्यांनी विचारलं की चित्रात कुठला आकार दिसतो. षटकोन दिसत होता, म्हणून आम्ही सगळे षटकोन म्हणालो. मग त्यांनी माऊसने ते चित्र इतकंसं फिरवलं आणि समोर सरळ चौकोनी खोका आला. मिठाचा तो खोकाच असतो. मी त्याच्या बरोबर कोपऱ्यासमोरून बघत होते, म्हणून त्याची बाहेरची कड सहा बाजूंची दिसत होती. सर म्हणाले, चित्र खोटं नाही, पण बघणारा कुठं उभा आहे ते सांगितलं नाही तर मीठ षटकोनी असतं असं पोरं पाठ करून जातील.

यासाठी त्यांचे ते तीन बाण. सॉफ्टवेअर चित्राच्या कोपऱ्यात तीन छोटे बाण दाखवतं, त्यांवर ए, बी, सी अशी अक्षरं असतात. स्फटिक कुठल्या बाजूने दिसतोय ते त्या बाणांवरून कळतं. बाकी लोक चित्र देखणं दिसावं म्हणून ते काढून टाकतात. सरांकडे बाणांशिवाय चित्र नेलं तर ते बघायचेसुद्धा नाहीत. बाण आहेत पण फिके आहेत, परत काढ. बाण ठळक आहेत पण गोळ्यावर आलेत, परत काढ. मागच्या चित्रात सोडियम पिवळा होता, ह्यात जांभळा का? छान, परत काढ. घरी आई विचारायची, आज काय केलंस? मी म्हणायचे, मिठाचा फोटो काढला. ती म्हणायची, तो तर काल काढला होतास.

साधा चिकू खातानाही हाच छळ. घोलवडहून कुणीतरी स्टाफरूममध्ये चिकूची पिशवी आणायचं. आपण चिकू पुसतो, दोन भाग करतो, खातो. सर सुरी मागवायचे. एक चिकू उभा कापायचे, एक आडवा. उभ्या कापात बिया लांबट दिसतात, आडव्यात चांदणीसारख्या. "फळ एकच आहे," ते म्हणायचे, आणि दोन्ही काप सगळ्यांपुढून फिरायचे. तोवर तासाची घंटा व्हायची. मराठीच्या जोशी मॅडम म्हणायच्या, चुरी सरांच्या हातात चिकू गेला की तो फळ राहत नाही, प्रात्यक्षिक होतो.

आणि 'कॉपी'. सॉफ्टवेअरमध्ये चित्र उचलायचे दोन मार्ग आहेत. एक कॉपी. त्यात पडद्यावर जेवढं दिसतं तेवढंच उचललं जातं आणि छापताना त्याची वाट लागते. दुसरा एक्स्पोर्ट. त्यात चित्र किती पट मोठं हवं ते विचारतं. फरक मला मान्य आहे. पण सर बारावीच्या परीक्षेला पर्यवेक्षक म्हणून आख्ख्या तालुक्यात बदनाम होते. मुलांच्या मोज्यातून चिठ्ठ्या काढलेला माणूस. कॉपी हा शब्द ऐकला की त्यांची मान आपोआप मागच्या बाकाकडे वळायची. लॅबमध्ये तो शब्द उच्चारायला बंदी होती. 'उचल' म्हणायचं. एकदा ते रजेवर असताना मी मुलांना मोकळेपणाने सांगत होते, आधी कॉपी करा, मग बघू, आणि नेमके प्राचार्य दारावरून चालले होते. ते तिथंच थांबले. मला तास संपेपर्यंत खुलासा करावा लागला.

आता मूळ गोष्टीकडे येते. आमच्याकडे येणारी बरीचशी मुलं आश्रमशाळेतून येतात. दहावीपर्यंत मराठी, अकरावीला शास्त्र घेतलं की एकदम सगळं इंग्रजी. घनपदार्थांच्या धड्यापाशी पोरं अडून बसतात. मी स्वतः अडले होते. पुस्तकातल्या त्या काळ्या-पांढऱ्या ठिपक्यांच्या डब्याकडे बघून मला काही म्हणता काही कळलं नव्हतं, आणि शेजारच्या मुलीला कळतंय असं वाटत होतं. पुढे कळलं, तिलाही कळत नव्हतं.

सरांना ह्या मुलांसाठी चित्रांची एक मराठी पुस्तिका काढायची होती. मोठी रंगीत चित्रं, खाली दोन ओळी. मी विद्यार्थिनी होते तेव्हापासून ती चालू होती. माझी पदवी झाली, एमएस्सी झाली, मी परत येऊन शिकवायला लागले, पुस्तिका चालूच. आणि सरांची निवृत्ती आली एप्रिलअखेर. प्राचार्य म्हणाले, निरोप समारंभात प्रकाशन करू, छपाई कॉलेज करेल, पण त्याआधी झाली तर झाली. पुढे येणारा माणूस ह्यात लक्ष घालेल ह्याची खात्री नव्हती. म्हणजे एप्रिलपर्यंत नाही तर कधीच नाही. हे मला दिसत होतं, प्राचार्यांना दिसत होतं, शिपायालासुद्धा दिसत होतं. एकट्या सरांना दिसत नव्हतं. ते मार्चमध्ये हिऱ्याचं चित्र परत काढायला सांगत होते.

छपाई डहाणू रोडला, स्टेशनजवळ जिग्नेशभाईकडे. लग्नपत्रिका, हळदीचे बॅनर, वाढदिवसाचे बॅनर, दुकानांच्या पाट्या, सगळं तोच करतो. एका स्क्रीनवर नवरा-नवरी, दुसऱ्यावर आमचा हिरा. पहिल्या दिवशी त्याने आमची चित्रं मोठी करून बघितली आणि म्हणाला, "बेन, फोटो फाटे छे." म्हणजे मोठं केलं की चित्राचे चौकोनी तुकडे दिसतात.

सरांना ते फार लागलं. ते म्हणाले की आम्ही चौपट मोठं करून काढलंय, फाटेल कसं? मग कळलं, त्याने व्हॉट्सॲपवर पाठवलेलं उघडलं होतं. सरांनी खिशातून लाल दोरा ओढला, पेनड्राइव्ह काढून दिला आणि काम होईपर्यंत दोऱ्याचं दुसरं टोक हातातच धरून उभे राहिले. जिग्नेशभाई मला गुजराती-मराठीत हळूच म्हणाला, सरांना सांगा ने, मी पळून जात नाय.

पण माणूस चांगला. त्याला त्या गोळ्यांचं आवडायलाही लागलं होतं. मिठाच्या चित्राला तो मोतीचूर म्हणायचा. "सर, मोतीचूरचं पान झालं, हिऱ्याचं बाकी." सर त्याला समजवायचे की लाडू असे रांगेत नसतात. तो म्हणायचा, आमच्या घरी असतात.

एप्रिलमध्ये विवळवेढ्याची महालक्ष्मीची यात्रा लागली. रस्त्याच्या कडेने जिकडे बघावं तिकडे स्वागताचे बॅनर, आणि ते सगळे जिग्नेशभाईच्या मशीनमधून निघालेले. त्याने स्पष्ट सांगितलं की तुमचं काम मी यात्रेच्या कामांत घुसवतोय, आज 'ओके' द्या, उद्या छापतो, परवा समारंभाला हातात. आज नाही दिलं तर मग मे महिना.

शेवटचं प्रूफ बघायला आम्ही दोघं गेलो. मी सरांना रिक्षातच बजावलं होतं की आज ते वाक्य म्हणायचं नाही. त्यांनी मान हलवली. पानं उलटत गेले. मीठ, हिरा, बर्फ. लाल पेन खिशातच राहिलं. मला वाटलं, सुटलो.

मधल्या दोन पानांवर क्वार्ट्झ होता. क्वार्ट्झ म्हणजे आपली गारगोटी. तिच्यातले कण जिन्यासारखे वळत वळत वर जातात. काही गारगोट्यांत हा जिना डावीकडे वळतो, काहींत उजवीकडे. आरशात बघितल्यासारखे दोन प्रकार. डाव्या पानावर डावा, उजव्या पानावर उजवा, खाली ओळ: 'दोन्हींतला फरक शोधा.' मुलांना विचारलेला पुस्तिकेतला तेवढा एकच प्रश्न होता, आणि सरांचा तो फार लाडका होता.

सर थांबले. म्हणाले, "बाण कुठायत?"

उजव्या चित्राच्या कोपऱ्यात बाण नव्हते. मी डोळे मिटून घेतले. मग सरांनी डाव्या चित्रावर बोट ठेवलं आणि बाटलीचं झाकण फिरवावं तसं ते जिन्याबरोबर फिरवत वर नेलं. मग उजव्यावर. बोट त्याच बाजूला फिरलं. पुन्हा केलं. पुन्हा त्याच बाजूला.

"जिग्नेश, हे चित्र उलटवलंयस?"

तो म्हणाला, हो, फ्लिप मारला, आरशासारखं डाव्याचं उजवं केलं. चूक केल्याचा भाव नव्हताच, उलट काम नीट केल्याचा होता. म्हणाला, ते चित्र पानाच्या बाहेर बघत होतं.

"कोण बघत होतं?"

"चित्र, सर." त्याने समोरच्या बॅनरकडे बोट केलं. त्यावरचे सगळे साहेब दोन्ही बाजूंनी मधल्या देवीकडे तोंड करून होते. "तोंड आतमध्येच पाहिजे. बाहेर बघितलं की माणूस निघून चाललाय असं दिसतं. मोठे साहेब लोक तर बॅनर परत पाठवतात." आणि चित्र उलटवल्यावर बाणांवरची अक्षरं उलटी झाली, ती बरी दिसेनात, म्हणून त्याने बाण पुसून टाकले होते.

म्हणजे आता दोन्ही पानांवर एकच गारगोटी होती, डावी, आणि खाली 'फरक शोधा'.

ते एक पान पुन्हा लावणं म्हणजे पाच मिनिटांचं काम, असं मला वाटलं. पण त्याने ही दोन पानं एका मोठ्या कागदावर इतर रंगीत पानांबरोबर आधीच छापून टाकली होती, वेळ वाचावा म्हणून. ती पुन्हा छापायची तर मशीन मोकळं नाही. यात्रेनंतर.

मी सरांना बाहेर घेऊन गेले. सांगितलं की सगळी चित्रं बरोबर आहेत, एक चुकलंय. समारंभाला पुस्तिका नाही आली तर ती येणारच नाही. प्राचार्य बदलतील, हेड बदलतील, मी तर तासिकेवर, माझी खुर्चीसुद्धा माझी नाही. म्हटलं, "सर, तुमच्याशिवाय हे कुणाला कळणार आहे?"

"कुणाला कळणार नाही, म्हणून तर," ते म्हणाले.

ते पुढे बोलत राहिले, रस्त्यावरच्या रिक्षांच्या आवाजात, माझ्याकडे न बघता. "पोरगं दोन्ही चित्रं समोर धरून बसेल. फरक शोधेल. दिसणार नाही. पुस्तक चुकलंय असं त्याच्या डोक्यात येणार नाही, सायवन. आपण ढ आहोत असं येईल."

मला त्यांचा राग आला होता, आणि ते बोलत होते ते त्या धड्यापाशी अडलेल्या माझ्याबद्दल होतं. त्यामुळे राग अजून वाढला. आम्ही आत गेलो. सरांनी जिग्नेशभाईला एवढंच सांगितलं, "बाकी छान आहे. परत काढ."

समारंभ झालाच. प्राचार्यांनी निमंत्रणपत्रिकेवर 'प्रकाशन' छापलं होतं, त्यामुळे प्रकाशन झालंच पाहिजे असं त्यांचं म्हणणं पडलं. गेल्या वर्षीचा कॉलेजचा वार्षिक अंक सोनेरी कागदात बांधून आणला. पाहुण्यांनी रिबन सोडली, कागद अर्धा उघडला, फोटोग्राफरकडे बघून हसले आणि पुन्हा मिटला. टाळ्या झाल्या. सर मंचावर शालीत बसून टाळ्या वाजवत होते. जोशी मॅडम माझ्या कानात म्हणाल्या, तुमच्या पुस्तिकेत माझी कविता आहे ग.

पुस्तिका शेवटी जूनमध्ये आली. त्यासाठी मी जिग्नेशभाईकडे किती खेपा मारल्या आणि प्राचार्यांच्या केबिनबाहेर किती उभी राहिले ते सांगत नाही. आता तिची एक प्रत लॅबमध्ये टेबलाला लाल दोऱ्याने बांधून ठेवलीय, नाहीतर मुलं घरी नेतात. गारगोटीचं पान बोटं फिरवून फिरवून मळलंय. सर नाशिकला मुलीकडे गेले. तिथून अजून मेसेज येतात. बर्फाच्या पानावर बाण जरा पुसट आलाय का, बघ. मी 'हो सर' लिहिते आणि फोन उपडा ठेवते.

पण सर आठवले की मला समारंभानंतरची ती संध्याकाळच आठवते. गेटबाहेर आम्ही रिक्षाची वाट बघत होतो. सरांच्या हातात नारळ, शाल, आणि सोनेरी कागदातला तो वार्षिक अंकही कुणीतरी त्यांनाच दिलेला. गेटवर निरोपाचा मोठा बॅनर होता, अर्थात जिग्नेशभाईचा. एका टोकाला सरांचा फोटो. सकाळपासून मी त्याखालून ये-जा करत होते, तेव्हा लक्ष गेलं नव्हतं. आता गेलं. फोटोत सरांचा खिसा त्यांच्या उजव्या बाजूला आला होता. लाल दोराही तिथूनच लोंबत होता. भांग दुसऱ्याच बाजूला.

माझं डोकं सटकलं. "सर, तुम्हालाही फ्लिप मारलाय त्याने. बघा, खिसा बघा. थांबा, मी आत्ता फोन करते, सकाळपर्यंत दुसरा लावायला सांगते." नंबर काढायला लागलेसुद्धा.

सरांनी चष्मा कपाळावर ढकलला. नेहमीसारखे मान पुढे काढून बराच वेळ वर बघत राहिले. नारळ काखेत धरून एक हात छातीवर नेला, आधी डावीकडे, मग उजवीकडे, मग पुन्हा डावीकडे. फोटोतले सर बॅनरच्या आत, लॅबच्या बाजूला तोंड करून होते. मी ते वाक्य ऐकायला तयार होऊनच उभी होते.

रिक्षा आली. सर आधी नारळ आत ठेवून मग बसले.

"राहू दे, सायवन," ते म्हणाले. "आत बघतोय."